बालरोग वॉर्डातील सोनोग्राफी प्रशिक्षण : जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

१० जून २०२४

आजपासून या नोंदी सुरू करीत आहे. मराठवाड्यातील आमच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगाचे दोन वॉर्ड आणि नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसएनसीयू, यांना मिळून रात्री एकच बालरोगतज्ज्ञ असतो. रेडिओलॉजिस्टचे भरलेले पद एकच असून सोनोग्राफीची खोली दुपारनंतर बंद होते. धाप लागलेले मूल रात्री दोनला आले, तर ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणि सलाईनची बाटली आईच्या हातात देऊन त्याला तळमजल्यावर एक्स-रेसाठी न्यावे लागते. एवढे करूनही छातीतला तो पांढरा भाग पाण्याचा की घट्ट झालेल्या फुप्फुसाचा, यावर सकाळच्या राउंडला वाद होतोच. सोनोग्राफीत हा फरक मिनिटाभरात कळू शकतो. अडचण एवढीच की ती करणारे त्या वेळी वॉर्डात कोणी नसते.

पहिल्या तुकडीत सहा जण आहेत : दोन बालरोगतज्ज्ञ, तीन वैद्यकीय अधिकारी आणि एक निवासी डॉक्टर. विषय मुद्दाम थोडे ठेवले आहेत. छातीत पाणी आहे का, फुप्फुसाचा भाग घट्ट झाला आहे का, फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे का, पोटात पाणी आहे का आणि मूत्राशयात लघवी आहे का, एवढे पाच प्रश्न सर्वांसाठी. आणि एसएनसीयूत काम करणाऱ्या दोघींसाठी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी. मूत्रपिंड, अपेंडिक्स आणि हृदय आम्ही वगळले. हृदय वगळल्याबद्दल एका सहकाऱ्याने बराच वेळ हुज्जत घातली. अमेरिकेतील बालरोग अकादमीने २०१५ मध्ये आणि युरोपातील बाल व नवजात अतिदक्षता संघटनेने २०२० मध्ये डॉक्टरांनी खाटेशेजारी करावयाच्या सोनोग्राफीबद्दल जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात हृदय आहेच, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण चुकीच्या वाचनावरून औषध सुरू झाले तर ते थांबवायला मागे बालहृदयरोगतज्ज्ञ असावा लागतो आणि तो आमच्या जिल्ह्यात नाही.

१४ जून २०२४

आजचा अख्खा दिवस कागदांत गेला. बालरोगावरच्या परदेशी पुस्तकांत या कामाचा उल्लेखही नसतो, परंतु आपल्याकडे सोनोग्राफीचे यंत्र ही कायद्याने बांधलेली वस्तू आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, स्वतःचा कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ पासून तो सुधारित व अधिक कडक स्वरूपात लागू आहे. जे यंत्र गर्भाचे लिंग दाखवू शकते ते नोंदवावेच लागते, मग ते तुम्ही गर्भवतीवर वापरा किंवा दोन दिवसांच्या बाळावर. बालरोग विभागासाठी आलेले यंत्र रुग्णालयाच्या नोंदणीत चढवणे, ते कोण वापरणार त्यांची नावे व पात्रता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कळवणे, वॉर्डाच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक लावणे, ही कामे प्रोबला, म्हणजे यंत्राच्या अंगावर टेकवायच्या भागाला, हात लावण्याआधीची आहेत.

पोर्टेबल यंत्रांबद्दलचा २०१२ चा नियम आमच्या आराखड्याला थेट भिडतो. असे यंत्र ज्या आवारासाठी नोंदलेले आहे त्याच आवारात, दाखल रुग्णांसाठी फिरवता येते. आम्हाला ते वॉर्डातून एसएनसीयूत नेता येईल, पण गाडीत घालून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेता येणार नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांनाच इथे बोलवावे लागेल. आमच्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो. मी या जिल्ह्यात मुलींच्या घटत्या जन्मप्रमाणावरच्या बैठका वर्षानुवर्षे ऐकलेल्या आहेत. मला तो तसा वाटत नाही, फक्त त्याची अडचण मात्र खरी आहे. गर्भवतीच्या पोटावर आमच्यापैकी कोणीही प्रोब ठेवणार नाही, असे हमीपत्र सहाही जणांकडून घेऊन फाइलला लावले. कायद्याने सांगितलेले सहा महिन्यांचे सोनोग्राफी प्रशिक्षण वेगळे आहे आणि आमचा वर्ग त्याची जागा घेत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले.

२४ जून २०२४

रेडिओलॉजिस्ट मॅडमशी बैठक झाली. त्या या प्रकल्पाच्या विरोधात आहेत असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांची हरकत नेमकी होती. “तुम्ही बघा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बघितलंत ते रिपोर्ट म्हणून लिहू नका. उद्या माझा रिपोर्ट वेगळा आला तर नातेवाईक दोन कागद घेऊन माझ्या दारात उभे राहतील.” शेवटी असे ठरले की केसपेपरवर ‘खाटेशेजारी तपासणी’ या मथळ्याखाली विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर एवढेच लिहायचे, निदान लिहायचे नाही आणि प्रत्येक तपासणीच्या चित्रफिती साठवून दर शुक्रवारी दुपारी त्यांच्यापुढे ठेवायच्या.

उत्तराच्या रकान्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय मी ठेवले होते. मॅडमनी पेन काढून तिसरा लिहिला : ‘दिसले नाही’. मी म्हटले, ‘नाही’ आणि ‘दिसले नाही’ यांत रात्री दोन वाजता कोण फरक करणार? त्या म्हणाल्या, तोच तर शिकवायचा आहे.

३ जुलै २०२४

सरावासाठी लागणारी तयार प्रतिकृती आमच्या खर्चाच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे काल रात्री घरच्या स्वयंपाकघरात जिलेटिनची भांडी लावली. कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवून त्यात दोन चमचे सत इसबगोल घातले. इसबगोल नसले तर जेली पडद्यावर नुसती काळी दिसते. त्याच्या कणांमुळे ध्वनिलहरी विखुरतात आणि मांसपेशीसारखा करडा पोत येतो. आधी इसबगोल उकळत्या पाण्यात घातल्याने गुठळ्या झाल्या आणि पहिले भांडे फुकट गेले. दुसऱ्या वेळी मिश्रण किंचित आळू लागल्यावर चिमूट चिमूट भुरभुरले आणि अर्धे भांडे फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावर त्यावर पाण्याने भरून गाठ मारलेली हातमोज्याची बोटे आणि सलाईनच्या नळीचे तुकडे ठेवून वर उरलेला थर ओतला. बोट म्हणजे मूत्राशय, नळी म्हणजे शीर. सकाळी मुलीने डबा उघडून “हे खायचं नाही ना?” असे विचारले, तेव्हा त्यावर चिठ्ठी चिकटवली.

फुप्फुसासाठी याहून सोपे साधन मिळाले : भांडी घासण्याचा नवा स्पंज. कोरड्या स्पंजावर प्रोब ठेवला की आतल्या हवेमुळे वरच्या थरापलीकडचे काहीच दिसत नाही, आणि तोच स्पंज ओला करून थोडा पिळला की वरून खाली उतरणारे पांढरे पट्टे उमटतात. फुप्फुसाच्या सोनोग्राफीतले निम्मे शास्त्र त्या स्पंजात आहे, असे मी वर्गात सांगितले आणि ते फारसे अतिशयोक्त नाही.

११ जुलै २०२४

प्रत्यक्ष मुलांवरचा पहिला आठवडा संपला. हवेने भरलेल्या फुप्फुसातून ध्वनिलहरी आत जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही, असे आम्हा सर्वांना विद्यार्थीदशेत शिकवलेले आहे. फ्रान्समधील लिश्टेनश्टाइन यांनी अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काम करून नेमका याचा उलटा उपयोग दाखवला : फुप्फुस स्वतः दिसत नसले तरी त्याच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या आभासी रेषा आत काय चालले आहे ते सांगतात. श्वसन अचानक अपुरे पडलेल्या रुग्णांसाठी त्यांनी मांडलेली पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोगी फुप्फुसात फुप्फुसावरणाची चमकदार रेषा श्वासागणिक सरकताना दिसते आणि तिच्याखाली, त्वचेपासून तिच्यापर्यंत जितके अंतर तितक्याच अंतरावर, आडव्या रेषा पुन्हा पुन्हा उमटतात. आत पाण्याचा अंश वाढला की आडव्या रेषा पुसल्या जातात आणि उभ्या रेषा पडद्याच्या तळापर्यंत उतरतात. फुप्फुसाचा भाग पूर्ण घट्ट झाला की तो चक्क यकृतासारखा दिसू लागतो, आणि त्यात श्वासाबरोबर हलणारे पांढरे ठिपके दिसले तर श्वासनलिका अजून उघड्या आहेत हे कळते.

हे कागदावर सोपे आहे. वॉर्डात मूल रडते, हात झटकते, जेल थंड लागते. जेलची बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि तपासणी आईच्या मांडीवरच, पाठीकडून सुरू करायची, हे दोन बदल पहिल्या तीन दिवसांतच केले. पाठीकडून सुरू केले की मुलाला प्रोब दिसत नाही आणि ते आईच्या खांद्यावर मान टाकते. एका आजीने मात्र यंत्र खाटेजवळ येताच आम्हाला अडवले. “सोनोग्राफी झाली की सुनेची मागंच. आता लेकरू बाहेर आलंय, आता काय बघायचंय?” सोनोग्राफी या शब्दाचा अर्थ आमच्या भागात एकच आहे, हे तेव्हा लक्षात आले. आता आम्ही “छातीत पाणी झालंय का ते बघतो” एवढेच सांगतो आणि पडदा आईकडे वळवतो.

२ ऑगस्ट २०२४

ही नोंद लिहिण्यात मला संकोच आहे, पण नोंदवही याच कारणासाठी आहे.

तीन वर्षांचा मुलगा, सहा दिवसांचा ताप, डाव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी डाव्या बगलेत प्रोब ठेवला, काळा भाग पाहिला आणि ‘पाणी : आहे’ असे लिहिले. काळ्या भागात तरंगणारे बारीक पांढरे कण दिसत होते, म्हणून पू असावा असा तोंडी शेराही मारला. मी दुसऱ्या मुलाकडे होतो. चित्रफीत मोबाइलवर पाहिली आणि मान डोलावली. सुईने पाणी काढण्याचा ट्रे उघडला गेला. इन्चार्ज सिस्टरनी जागा पुसताना सहज म्हटले, “सर, याने आत्ताच पेलाभर दूध घेतलंय.” मी प्रोब पुन्हा घेतला. श्वासपटल शोधले, आणि तो काळा भाग श्वासपटलाच्या खाली होता. ते दुधाने भरलेले जठर होते. छातीत पाणी नव्हते. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा घट्ट पट्टा होता आणि तो आम्ही कोणी पाहिलाच नव्हता.

चूक शिकणाऱ्याची कमी आणि माझी जास्त आहे. मी चित्र पाहिले, पण ते कुठून घेतले आहे ते विचारले नाही. आजपासून नियम असा की श्वासपटल, आणि त्याच्या एका बाजूला यकृत किंवा प्लीहा, एकाच चौकटीत दाखवल्याशिवाय पाण्याबद्दल ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचे नाही. तोपर्यंत उत्तर ‘दिसले नाही’. शुक्रवारी मॅडमनी ती चित्रफीत सर्वांना तीनदा दाखवली. मला त्या काही बोलल्या नाहीत.

१३ ऑगस्ट २०२४

तान्ह्या मुलांत छातीच्या वरच्या पुढच्या भागात थायमस ग्रंथी मोठी असते आणि ती घट्ट झालेल्या फुप्फुसासारखी भासते. दोन मुलांत आम्ही तिला न्यूमोनिया म्हटले. थायमसमध्ये हवेचे हलते ठिपके नसतात आणि ती श्वासापेक्षा हृदयाच्या ठोक्याबरोबर अधिक हलते, ही खूण आता सगळ्यांना पाठ आहे. मूत्राशयाची तपासणी मात्र अपेक्षेपेक्षा लवकर जमली. लघवीच्या नमुन्यासाठी नळी घालण्याआधी मूत्राशय भरले आहे की नाही ते पाहिल्याने कोरडी नळी परत काढण्याचे प्रसंग या वॉर्डात आता क्वचितच येतात, आणि सिस्टर लोकांना हा सगळा उपक्रम त्यामुळेच आवडू लागला आहे.

६ सप्टेंबर २०२४

महिन्याच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीनंतर वॉर्ड भरले असून डेंग्यूची मुले एका खाटेवर दोन अशी आहेत. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरतानाचा असतो. त्या २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि तो प्रथम बहुधा उजव्या छातीत व पोटात साठतो. पित्ताशयाची भिंत ३ मि.मी.पेक्षा जाड होणे हीही झिरपण्याची खूण आहे. एक्स-रेत दिसण्याइतके पाणी साठण्याच्या आधीच सोनोग्राफीत त्याची बारीक काळी रेघ दिसते, त्यामुळे कोणत्या मुलाची नाडी आणि रक्तदाब दर तासाला पाहायचा, हे ठरवायला तिची मदत होते.

आता सावधगिरी. मंगळवारी एका मुलीच्या पित्ताशयाची भिंत जाड आली, तिला धोक्याच्या खाटेवर हलवले, आणि मग कळले की तिने नुकताच चहा-बिस्किटाचा नाश्ता केला होता. खाल्ल्यावर पित्ताशय आकसते आणि भिंत आपोआप जाड दिसते. दुपारी उपाशीपोटी पाहिले तेव्हा ती नेहमीसारखी होती. आता फॉर्मवर ‘शेवटचे खाणे किती वाजता’ हा रकाना वाढवला आहे. सोनोग्राफीवरून सलाईनचा वेग ठरवायचा नाही, तो नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) यांवरूनच ठरेल, हे मी फळ्यावर लिहून ठेवले आहे. कारण पडद्यावर पाणी दिसले की हात सलाईनच्या चाकाकडे जातो, हे मी याच आठवड्यात दोनदा पाहिले.

२५ सप्टेंबर २०२४

एसएनसीयूत टाळूवरच्या तपासणीला सुरुवात. ११०० ग्रॅम वजनाची मुलगी, वय तीन दिवस. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूच्या पोकळ्यांलगतचा नाजूक भाग फुटून रक्तस्राव होतो तो बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांत, म्हणून आम्ही तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस ठरवले आहेत. हात कोपरापर्यंत धुणे, प्रोब पुसणे, एकदाच वापरायचे निर्जंतुक जेल. पाच लिटरच्या कॅनमधून बाटल्या पुन्हा भरण्याची वॉर्डातली सवय इथे पूर्ण बंद केली, कारण दूषित सोनोग्राफी जेलमधून बर्खोल्डेरिया जंतूंचा संसर्ग पसरल्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत.

टाळू म्हणजे या बाळाच्या डोक्यावरची रुपयाच्या नाण्याहून लहान खिडकी. प्रोबचा भार टाळूवर पडता कामा नये. करंगळी बाळाच्या कपाळावर टेकवून हात तोलायचा असतो. पहिल्या प्रयत्नात दाब थोडा जास्त झाला, मॉनिटरवर ठोके १४८ वरून १०० च्या खाली आले आणि डॉक्टरांनी प्रोब उचलला. कोणी काही बोलले नाही. ठोके सावरल्यावर त्यांनी पुन्हा ठेवला, या वेळी इतका हलका की जेलचा थर दाबला गेला नाही. चित्र आले. पोकळीत दोन्ही बाजूंना पांढरी चमक दिसल्यावर त्या म्हणाल्या, “सर, रक्त?” ती कोरॉइड प्लेक्सस होती, म्हणजे पाणी तयार करणारी नेहमीची जाळी. ती पुढे थॅलॅमस आणि कॉडेट या मेंदूच्या दोन भागांमधल्या खाचेच्या पलीकडे जात नाही. त्या खाचेत किंवा तिच्यापुढे चमक दिसली तर मात्र रक्तस्रावाचा विचार करायचा. या मुलीची खाच स्वच्छ होती. रक्तस्रावाच्या चार श्रेणी आम्ही नवजातरोगतज्ज्ञ पपील यांच्या १९७८ च्या वर्गीकरणानुसार लिहितो. ते वर्गीकरण मुळात सीटी स्कॅनवरून केलेले होते, हे ऐकून दोघींनाही आश्चर्य वाटले.

१७ ऑक्टोबर २०२४

परवा आचारसंहिता लागली आणि जेल गरम ठेवण्याच्या पेटीची खरेदी रखडली. कोमट पाण्याचे भांडे चालूच आहे.

नवजात बाळांच्या फुप्फुसांवर या महिन्यात भर दिला. सिझेरियननंतर धाप लागलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळात वरचे फुप्फुस बऱ्यापैकी कोरडे आणि खालचे ओले, आणि दोहोंमधली सीमा स्पष्ट असे चित्र दिसू शकते. इटलीतील कोपेत्ती आणि कत्तारोस्सी यांनी २००७ मध्ये वर्णन केलेली ही खूण आम्हाला पहिल्याच आठवड्यात एका बाळात मिळाली आणि ते बाळ दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनवरून उतरले. सरफॅक्टंटच्या, म्हणजे फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या द्रव्याच्या, अभावात मात्र दोन्ही बाजू सरसकट पांढऱ्या आणि फुप्फुसावरणाची रेषा जाड, खडबडीत दिसते. सहा भागांना प्रत्येकी ० ते ३ असे गुण देऊन १८ पैकी बेरीज करण्याची पद्धत आम्ही शिकवतो आणि गुण लिहूनही ठेवतो, पण सरफॅक्टंट द्यायचे की नाही हे सध्या बाळाला लागणाऱ्या ऑक्सिजनवरूनच ठरवतो. दोन जणांचे गुण एकाच बाळासाठी चारने वेगळे येत असताना त्यांवर महागडे औषध ठरवणे मला मान्य नाही.

२८ नोव्हेंबर २०२४

परीक्षा. मॅडमनी साठवलेल्या फितींतून निवडक फिती नावे झाकून दाखवल्या आणि त्यानंतर प्रत्येकाने त्यांच्यासमोर दोन मुले तपासली. चित्र मिळवण्यात सहाही जण उत्तीर्ण आहेत. उत्तर लिहिण्यात पाच. सहावे डॉक्टर सर्वांत चपळ असून त्यांच्या फॉर्मवर पाच महिन्यांत ‘दिसले नाही’ हा पर्याय एकदाही आलेला नाही. फुप्फुसाच्या मध्यभागी असलेला आणि पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला न्यूमोनिया सोनोग्राफीत दिसतच नाही, मधली हवा त्याला झाकते. तरीही अशा एका मुलाच्या फॉर्मवर त्यांनी ‘नाही’ लिहिले होते आणि एक्स-रेत तो स्पष्ट होता. मॅडमनी त्यांना एकट्याने तपासणी करण्याची परवानगी नाकारली. त्यांना राग आला. मी मॅडमच्या बाजूने सही केली. जानेवारीपर्यंत ते माझ्या किंवा दुसऱ्या उत्तीर्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासतील.

१२ डिसेंबर २०२४

लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाच्या, प्रोबच्या चित्रात डाव्या बाजूला उभी काळी पट्टी येऊ लागली आहे. बायोमेडिकल इंजिनिअरनी पाहिले. पुढच्या रबराला बारीक भेगा पडल्या आहेत. रात्रपाळीला कोणीतरी प्रोब स्पिरिटने पुसत होते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत स्पिरिट वापरू नये असे लिहिले आहे, पण ती पुस्तिका माझ्या कपाटात कुलूपबंद होती. तिचे ते पान मराठीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, यंत्राच्या हँडलला बांधले आहे. प्रोब दुरुस्तीला जाईल तोपर्यंत काळी पट्टी कुठे येते ते सर्वांनी लक्षात ठेवून काम करायचे आहे. त्या पट्टीखाली येणाऱ्या भागाबद्दल काय लिहायचे, ते मला सांगावे लागले नाही.

दुसऱ्या तुकडीत ग्रामीण रुग्णालयांतील चार डॉक्टर आहेत. त्यांची नावे नोंदणीसाठी आज पाठवली. जिलेटिन आणि इसबगोल आणायचे आहे.